कोरा रकाना

माझ्या सासरी हातगुणावर फार विश्वास. अमकीच्या हातचं लोणचं दोन पावसाळे टिकतं, तमकीनं खोचलेली काडीसुद्धा जगते, आणि मोठ्या जाऊबाईंनी विरजण लावलं तर दही सुरीनं कापावं असं. माझ्या हाताला यातलं काहीच नाही हे लग्नानंतर वर्षभरातच ठरून गेलं. बाभुळगावच्या अलीकडे आमचं शेत आहे. सरकी लावायच्या दिवशी शकुन म्हणून पहिले चार दाणे नव्या सुनेच्या हातून लावून घेतात, तसे माझ्याकडूनही घेतले. त्या हंगामात कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली. गावातल्या सगळ्यांच्याच कपाशीवर आली, शेजारच्या तालुक्यातही आली, पण कारण सापडलं ते आमच्या घरात. पुढच्या वर्षी मी हौसेनं शेतात गेले तर जाऊबाईंनी माझ्या ओंजळीतली सरकी काढून घेतली आणि मला चहा टाकायला पाठवलं.

मी प्राणिशास्त्र शिकवते, यवतमाळच्या कॉलेजात. तेव्हा मी हसण्यावारी नेलं होतं. पुढे पीएचडीला विषय निवडायची वेळ आली आणि मी हीच अळी निवडली, तेव्हा नवरा म्हणाला की ही सूड उगवायला निघाली आहे. अगदीच खोटं नव्हतं ते. पण हातगुणाचं हे भूत माझ्यामागे प्रयोगशाळेतही येईल, आणि तिथं ते पदवीधर लोक बाळगून असतील, हे मला ठाऊक नव्हतं.

काम काय होतं ते सांगते. बीटी कपाशीच्या झाडातच एक विष तयार होतं. अळीनं बोंड खाल्लं की ते विष तिच्या आतड्याच्या आतल्या बाजूला असलेल्या एका भल्यामोठ्या प्रोटीनला चिकटतं, आतड्याला भोकं पडतात आणि अळी मरते. आता अळ्या मरत नाहीत, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. का मरत नाहीत? एक शक्यता अशी की ते प्रोटीन ज्या जीनवरून बनतं त्या जीनमध्येच बिघाड झाला आहे. त्याला शास्त्रात म्युटेशन म्हणतात. मग प्रोटीन बनत नसेल, किंवा वेगळंच बनत असेल. ते पाहायचं साधन म्हणजे वेस्टर्न ब्लॉट.

अळीचं आतडं काढायचं, वाटायचं, त्यातली प्रोटीनं एका लुसलुशीत जेलवर विजेच्या धक्क्यानं पळवायची. लहान प्रोटीनं खाली पळतात, मोठी वर अडकून राहतात. मग ती सगळी जशीच्या तशी एका पांढऱ्या कागदासारख्या पडद्यावर उतरवायची. आम्ही त्याला कागदच म्हणायचो. त्या कागदावर अँटिबॉडी सोडायची. ही अँटिबॉडी सशाच्या रक्तातून मिळवलेली, आणि तिला एकच गोष्ट येते, आपलं ठरलेलं प्रोटीन ओळखून त्याला धरून बसणं. शेवटी रंग टाकला की जिथं ती बसली तिथं जांभळी रेघ उमटते. प्रत्येक अळीच्या नमुन्याला कागदावर एक उभा रकाना. रेघ आली म्हणजे प्रोटीन आहे. रकाना कोरा म्हणजे नाही. निदान आम्ही तसं शिकलो होतो.

माझ्याकडे तीन गट होते. एक, प्रयोगशाळेत पिढ्यान्पिढ्या वाढवलेल्या, बीटीनं निमूट मरणाऱ्या अळ्या. दुसरा, दिग्रसच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्याजवळच्या शेतातून आणलेल्या. तिसरा आमच्या घरच्या शेतातला. आमचे भासरे, जाऊबाईंचे यजमान, दरवर्षी फरदड ठेवतात, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी न उपटता पाणी देऊन आणखी एक वेचा काढतात. त्यामुळे अळीला बारमाही खानावळ मिळते. मारून न मरणारी अळी पाहायची तर त्याहून चांगली जागा जिल्ह्यात नसेल.

प्रयोगशाळेतल्या अळ्यांच्या रकान्यात रेघ आली. दिग्रसच्या अळ्यांच्या रकान्यात आली. त्या मरत का नाहीत हे वेगळं कोडं होतं, पण रेघ आली. आमच्या शेतातल्या अळ्यांचे रकाने कोरे.

कागदाचा फोटो मी अमरावतीला सरांना पाठवला. सर म्हणजे माझे मार्गदर्शक. माणूस विद्वान, वागायला सभ्य, आवाज कधी चढवणार नाहीत. त्यांचं उत्तर आलं, हात बसला नाही अजून. वेस्टर्न हे हाताचं काम आहे, करत राहा.

करत राहिले. आमच्या कॉलेजात हे करणं म्हणजे काय ते तिथं काम केल्याशिवाय कळायचं नाही. एवढं मोठं प्रोटीन कागदावर उतरायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ यवतमाळची वीज टिकेल याची हमी कुणी देत नाही. इन्व्हर्टर प्राचार्यांच्या पंख्याला पुरतो. बर्फ आणायचा तो लस्सीवाल्याकडून, आणि तो दरवेळी विचारणार की मॅडम, पार्टी आहे का. कागदावरच्या रिकाम्या जागा बुजवायला दुधाच्या पावडरीचं पाणी लागतं. एकदा घाईत कोपऱ्यावरच्या दुकानातून पावडर आणली, ती निघाली चहात घालायची, साखर मिसळलेली. सगळा कागद जांभळा झाला आणि मुंग्या लागल्या त्या वेगळ्याच. तो कागद मी सरांना पाठवला नाही.

मी पाणी बदललं, बफरचं द्रावण बदललं, नव्यानं जेल केलं. नागपूरहून साय काढलेल्या दुधाची पावडर मागवली. दिग्रसच्या रेघा आणखी ठसठशीत यायला लागल्या, आणि आमचे रकाने होते तसेच. प्रत्येक अळीत असणारं दुसरं एक छोटं प्रोटीनही मी त्याच कागदावर शोधत असे, नमुना बरोबर भरला गेला की नाही याची खूण म्हणून. त्याची रेघ सगळीकडे सारखी, आमच्या रकान्यांतसुद्धा. म्हणजे नमुना होता, कागदावर उतरला होता, फक्त ते एक मोठं प्रोटीन तिथं नव्हतं.

हे मी सरांना फोनवर समजावून सांगितलं. एकच कागद, एकच दूध, एकच रंग, शेजारच्या रकान्यात रेघ आहे आणि याच्यात नाही. माझा हात काय कागदाच्या डावीकडे चांगला आणि उजवीकडे वाईट आहे? सर शांतपणे म्हणाले की आतडं काढताना तुमचा उशीर होत असेल, तेवढ्यात प्रोटीन कुजतं. मग मी घरच्या अळ्या आधी आणि दिग्रसच्या नंतर कापल्या. जागाही बदलल्या, आमच्या डावीकडे, दिग्रसच्या उजवीकडे. कोरेपणाही मुकाट डावीकडे सरकला. सर म्हणाले, हं. आणि मग म्हणाले की आमच्या लॅबमधली ती मुलगी बघा, तिचा कागद कसा येतो.

ती मुलगी म्हणजे त्यांची संशोधक विद्यार्थिनी, दारव्ह्याकडची. तिचे कागद मी पाहिले होते. खरोखर सुरेख. रेघा अशा की पट्टीनं आखल्यासारख्या. सरांच्या लॅबमध्ये कुणाचंही काही बिघडलं की तिला बोलावत, आणि तिनं हात लावला की होतं अशी ख्याती होती. सर हे कौतुकानं सांगत. शेतात जाऊबाई, लॅबमध्ये ही. मी कुठंही गेले तरी दुसरीच्या हाताखाली.

या जागा बदलायच्या आधीच एकदा अमरावतीला गेले होते, तेव्हा सर म्हणाले की तुमच्याकडे वीज जाते, थोडे नमुने माझ्या फ्रीझरमध्ये असू द्या, सुरक्षित राहतील. मला बरंच वाटलं. तिन्ही गटांचे थोडे थोडे नमुने ठेवून आले.

दरम्यान आमच्या अळ्यांचा तो जीन मी बाहेरच्या एका प्रयोगशाळेतून वाचून आणला. अहवाल आला की जीनमधला एक तुकडा गायब आहे. मला वाटलं, सुटले. जीनच तुटला आहे, मग प्रोटीन बनणार कुठून, आणि रकान्यात रेघ येणार कुठून? म्हणजे कोरा रकाना हेच बरोबर उत्तर होतं, आणि मी इतके महिने बरोबर उत्तरच पुन्हा पुन्हा काढत होते. मोठ्या उत्साहानं सरांना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं. मग जे म्हणाले ते मी विसरणार नाही.

"मॅडम, असलेली गोष्ट कुणीही दाखवेल. नसलेली गोष्ट दाखवायची तर हात नावाजलेला लागतो. तुमच्या कोऱ्या रकान्यावर परीक्षक विश्वास कसा ठेवतील?"

पुढे त्यांनी उपायही सांगितला. माझ्या नोंदणीची शेवटची मुदतवाढ चालू होती, त्यानंतर विद्यापीठ वाढवून देत नाही. तेव्हा बाभुळगावचा, तुमच्या शेतातला गट काढून टाका. प्रयोगशाळेतल्या आणि दिग्रसच्या अळ्यांवर प्रबंध होतो, थोडा बारीक होईल, पण होतो.

तो गट काढला असता तर प्रबंधात उरलं काय असतं? दोन गट, दोघांत रेघ, फरक काही नाही, धन्यवाद. ज्या अळीसाठी मी हा उपद्व्याप मांडला तीच बाहेर. आणि काढायचं कारण असं की बाईचा हात बसत नाही. मी त्या दिवशी घरी येऊन कुकर इतक्या जोरात आपटला की झाकणाला पोचा आला, तो अजून आहे. नवरा म्हणाला, सर म्हणतात तसं कर आणि मोकळी हो. मी म्हटलं, मोकळंच व्हायचं होतं तर अळी कशाला हवी होती, चार वर्षं लोणचीच घातली असती. तीही बिघडलीच असती, हे तो बोलला नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर होतं.

तरी मी प्रबंधातून त्या गटाची पानं बाजूला काढायला घेतली होती. माणूस किती दिवस भिंतीवर डोकं आपटणार?

असं चालू असताना कॉलेजात दुसऱ्या वर्षाला म्युटेशन शिकवायचं आलं. जीन हा तीन-तीन अक्षरांनी वाचला जातो, हे आमच्या मुलांना इंग्रजीतून सांगितलं तर ती वहीत उतरवून घेतात आणि विसरतात. म्हणून मी दरवर्षी फळ्यावर एक मराठी वाक्य लिहिते. सगळे शब्द तीन अक्षरी, काना नाही, मात्रा नाही.

गवत उपट मगच परत.

मुलं हसतात, कारण प्रत्येकाला घरून हा हुकूम कधी ना कधी झालेला असतो. मग मी पहिल्या शब्दातलं एकच अक्षर पुसते, व. आणि सांगते की वाचणारं यंत्र बिनडोक आहे, ते तीन-तीन अक्षरंच उचलणार. वाचा आता. गतउ, पटम, गचप, रत. वर्ग हसून लोळतो. एक अक्षर गेलं आणि पुढचं सगळं वाक्य नासलं. असं म्युटेशन झालं तर प्रोटीनचा पत्ता साफ.

मग दुसरा प्रकार. वाक्य पुन्हा लिहायचं आणि या वेळी अख्खा शब्द पुसायचा. मी तळहातानं मगच पुसलं आणि वाचायला सांगितलं. गवत उपट परत. वर्गानं एका सुरात वाचलं. मी विचारलं की वाक्य नासलं का? नाही म्हणाले. आखूड झालं, अर्थ बदलला, पण वाक्य आहे. पहिल्यांदा गवत उपटून घरी यायचं होतं, आता पुन्हा उपटायचं आहे. इथपर्यंत मी दरवर्षी येते आणि पुढच्या मुद्द्याकडे जाते.

या वर्षी पुढं जाता आलं नाही. तळहाताला खडू लागला होता आणि मी फळ्याकडे बघत राहिले. समजा एखाद्याला वाक्य वाचताच येत नाही. त्याला फक्त एक शब्द ओळखता येतो, मगच. तो फळा बघेल, मगच सापडणार नाही, आणि जाऊन सांगेल की फळ्यावर काही लिहिलेलंच नाही.

मुलांना मी काहीतरी वाचत बसायला सांगितलं आणि अहवाल काढला. गायब झालेल्या तुकड्यातली अक्षरं मोजली आणि तीननं भागली. भाग निःशेष गेला. अख्खेच्या अख्खे शब्द गेले होते, पुढचं वाचन बिघडत नव्हतं. प्रोटीन बनायला काहीच आडकाठी नव्हती. मग अँटिबॉडीसोबत आलेलं माहितीपत्रक काढलं. ही अँटिबॉडी अख्ख्या प्रोटीनवर बनवलेली नसते, त्याचा एक छोटा तुकडा सशाला टोचून बनवतात, आणि मग ती तेवढाच तुकडा ओळखते. आमच्या अँटिबॉडीचा तुकडा आणि आमच्या अळीचा गायब तुकडा, दोन्ही एकच जागा. विष चिकटतं तीच. म्हणून तर ती जागा निवडून अँटिबॉडी बनवली होती. आणि अळीनंही, मरायचं नाही म्हणून, नेमकी तीच जागा गाळली होती.

प्रोटीन तिथं होतं. कागदावर होतं, प्रत्येक वेळी होतं. मी ते दुधात बुडवलं, धुतलं, रंगवलं आणि फेकून दिलं. आमच्याकडे ते ओळखणारं कुणी नव्हतं, एवढंच. मला आनंद झाला असं लोकांना वाटतं. आनंद नाही झाला. राग आला.

सरांना लगेच फोन केला नाही. नुसतं बोलून काय होणार होतं? त्यांनी म्हटलं असतं, कल्पना चांगली आहे, पण हात. नागपूरला एका प्रयोगशाळेत याच प्रोटीनच्या दुसऱ्या टोकावर बनवलेली अँटिबॉडी आहे असं वाचनात आलं होतं. तिथल्या बाईंना पत्र लिहिलं. ओळख ना पाळख, पण त्यांनी होकार दिला आणि म्हणाल्या, या आणि घेऊन जा, पण बर्फात न्या. एका नखाएवढ्या नळीत तळाला थेंब दोन थेंब, तेवढंच. ती नळी मी माझ्या लेकीच्या जुन्या थर्मासात, बर्फाच्या चुऱ्यात रोवली आणि थर्मास मांडीवर घेऊन एसटीत बसले. कळंबला कंडक्टर चहाला उतरला तो उतरलाच. ऊन तापलेलं, थर्मासाचं झाकण नीट बसेना. आजूबाजूच्या बाया चिंतामणी गणपतीच्या देवळाच्या दिशेनं हात जोडत होत्या, मी थर्मासावरचा एक हात न काढता दुसरा जोडला. मग खाली उतरून कंडक्टरला असं काही बोलले की तो कप तसाच ठेवून आला.

पुढचं काम मी कुणालाही न सांगता केलं. तेच नमुने, तेच दूध, तोच रंग, तोच माझा हात. वीज त्या दिवशी गेली नाही, का ते महावितरणच जाणे. दुपारी रंग टाकला आणि कागद ठेवलेली डबी हलवत बसले. आधी प्रयोगशाळेतल्या अळ्यांच्या रेघा आल्या, मग दिग्रसच्या. मी डबी हलवत राहिले. मग आमच्या रकान्यांत रेघा उमटल्या, एकेका रकान्यात एकेक, जांभळ्या, स्वच्छ, आणि इतरांपेक्षा किंचित खाली. खाली, कारण प्रोटीन तेवढं आखूड होतं. तुकडा गळलेला, बाकी सगळं जागच्या जागी. मी डबी टेबलावर ठेवली आणि रडले. प्रयोगशाळेत कुणी नव्हतं म्हणून बरं.

रविवारी शेतावर गेले. जाऊबाई ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी त्यांना सांगितलं की आपल्या शेतातली अळी कशी बदलली आहे, विषाला धरायला जागाच तिनं ठेवली नाही, आणि फरदड ठेवल्यानं अशाच अळ्या वर्षानुवर्षं पोसल्या जातात. त्यांनी सगळं ऐकलं, शेंगा सोलणं न थांबवता.

"म्हंजे बीटीनं मरत नाही, हे तं आमाले माहीतच हाय," त्या म्हणाल्या. "मंग आता मारावं काय, ते सांग ना. तेच नाही सांगून राह्यली तू."

फरदड बंद करा, कपाशीच्या पऱ्हाट्या वेळेवर उपटा, पतंग पकडायला कामगंध सापळे लावा, असं मी काहीबाही बोलले. ते त्यांनी रेडिओवर माझ्याआधी ऐकलेलं होतं. मला पुन्हा चीड आली, या वेळी स्वतःच्याच विषयाची. इतकी वर्षं एक रेघ काढण्यात गेली आणि ती रेघ शेतात नेऊन ठेवली तर तिचा उपयोग काय, हे जाऊबाईंनी एका वाक्यात विचारलं होतं. पण रेघ खरी होती. प्रबंधात ती जायला हवी होती, आणि तिला सरांची सही लागणार होती.

कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून अमरावतीला गेले. सर खुर्चीत, ती विद्यार्थिनी मागच्या ओट्यावर काचेची भांडी धुत होती. मी सगळं क्रमानं सांगितलं, तुकडा, तीनचा भाग, सशाची अँटिबॉडी, नागपूरची दुसरी. सरांनी कागद उजेडाकडे धरला. माणूस विद्वान आहे म्हटलं ना, अर्ध्या वाक्यात त्यांना सगळं कळलं. डोळे चमकले. म्हणाले, फारच छान आहे हे. मग विचारलं की कागद कुणी केला.

मी म्हटलं, मीच.

त्यांनी कागद फिरवून पाहिला. मग नेहमीच्या सौम्य आवाजात म्हणाले की खात्रीसाठी एकदा हिच्याकडूनही करून घेऊ, परीक्षक विचारतील. आपल्या फ्रीझरमध्ये नमुने आहेतच.

मागचा नळ बंद झाला. ती मुलगी हात पुसत म्हणाली, "सर, ते नमुने मी लावले होते ना दिवाळीच्या आधी. जुन्या अँटिबॉडीनं. माझ्याही कागदावर बाभुळगावचे रकाने कोरेच आले होते. तुम्हाला दाखवला होता कागद."

मी सरांकडे पाहिलं. ते म्हणाले, हो, हो, आठवतं. त्यांना वाटलं की नमुनाच खराब झाला असेल.

"सर, तिचा रकाना कोरा आला तर नमुना खराब, आणि माझा आला तर हात?" मी विचारलं.

ते म्हणाले, तसं नाही मॅडम. पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. दिवाळीच्या आधी. म्हणजे मी रकान्यांच्या जागा बदलत होते त्याच्या आधी, अळ्या कापायचा वेग वाढवावा म्हणून बोटं कापून घेत होते त्याच्या आधी, गट काढून टाका असं ते म्हणाले त्याच्या कितीतरी आधी. माझ्यासारखाच कोऱ्या रकान्यांचा एक कागद त्यांनी तेव्हाच पाहिला होता, जिल्ह्यातल्या सगळ्यात नावाजलेल्या हाताचा. त्यांनी मला एक फोन केला असता तर त्याच दिवशी दोघांनी मिळून विचारलं असतं की दोन वेगळ्या हातांतून एकच कोरेपणा कसा येतो.

मी प्रकरणाची पानं त्यांच्यापुढे ठेवली. बाभुळगावच्या गटासकट. त्यांनी न वाचता सही केली. दुसऱ्याकडून करून घेण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. मी कागद पिशवीत घातला, आभार मानले नाहीत आणि निघाले.

जिन्यात मागून चपलांचा आवाज आला. ती मुलगी होती, हात अजून ओले.

"मॅडम, तुमाले माहीत नव्हतं का?" तिनं विचारलं. "मले वाटलं, सरांनी तुमाले सांगतलं असन."

नव्हतं सांगितलं, म्हटलं. तिच्यावर रागावण्यासारखं काही नव्हतं. तिच्याही कोऱ्या रकान्यांचं उत्तर त्या कागदावर होतं, म्हणून पिशवीतून काढून मी तो तिच्यापुढे धरला.